तबकडीवर न आलेली रात्र

तुम्ही आत येता तेव्हा तो फीत कापतोय. मान वर करत नाही, आणि तुम्हीही बोलू नका. पॅरिसच्या र्यू कार्दिनेवरचा हा स्टुडिओ, नाव आप्सोम. साल १९६७, उन्हाळा तोंडावर आलेला. समोरच्या माणसाचं नाव पिएर आंरी, वय एकोणचाळीस. भिंतीलगत टेपरेकॉर्डर, फळ्यांवर रिळांचे डबे, डब्यांवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. गरम झालेल्या यंत्रांचा आणि चिकटपट्टीचा वास खोलीत भरून राहिलाय.

मेजावर धातूच्या खाचेत फीत बसवलेली आहे. तिच्यावरून ब्लेड तिरकं चालतं. तिरक्या कापाने जोडलेले दोन आवाज एकमेकांत सरकतात, सरळ कापाने जोडलेले एकमेकांवर आदळतात. कुठे कोणता काप हवा ते त्याच्या हाताला ठाऊक आहे. फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते, म्हणजे या खोलीत एक सेकंद जवळजवळ हातभर लांब असतो. दोन सेकंद शांतता हवी असेल, तर दोन हात कोरी फीत मोजायची आणि मधे चिकटवायची. नाचणाऱ्यांसाठी संगीत रचणाऱ्याला याचा केवढा उपयोग! नर्तकाची उडी किती वेळ हवेत राहते, हे इथे पट्टीने मोजता येतं.

त्याचं लक्ष नाही तोवर एक प्रयोग करून बघा. घंटेच्या टोल्याचं रीळ लावा. हाताने मागेपुढे फिरवत टोल्याची अगदी सुरुवात शोधा. आवाज गुरगुरत सरकेल, मग एका जागी धक्का लागेल. तेवढा तुकडा कापून टाका आणि उरलेलं वाजवा. घंटा गेली. कानावर येतंय ते बासरी आणि ऑर्गन यांच्या मधलं काहीतरी. आवाजाची ओळख त्याच्या पहिल्या क्षणात असते, हे फ्रेंच रेडिओतल्या पिएर शेफर यांना १९४८ साली उमगलं. तेव्हा त्यांच्याकडे फीतही नव्हती, तबकड्यांवरच ते हे सगळं करत. त्यातूनच ‘म्युझीक काँक्रेत’ उभं राहिलं: आधी कागदावर स्वर लिहून मग वाजवून घ्यायचे नाहीत, जगातले आवाज पकडायचे आणि हाताने घडवायचे.

आंरी मुळात तालवाद्यं वाजवणारा. ऑलिव्हिए मेसियाँ यांच्याकडे शिकला, १९४९मध्ये शेफर यांच्याकडे फ्रेंच रेडिओच्या स्टुडिओत दाखल झाला. दोघांनी मिळून ‘एकट्या माणसासाठी सिंफनी’ रचली. तिच्यात पावलं आहेत, श्वास आहेत, हाका आहेत, हसू आहे, पियानोच्या छेडलेल्या तारा आहेत. १९५०मध्ये ती पॅरिसमध्ये ऐकवली गेली तेव्हा मंचावर वादक नव्हते, आवाज लाउडस्पीकरांतून येत होता. लोकांनी बघायचं तरी कुठे? पाच वर्षांनी, १९५५च्या जुलैत, मोरिस बेजार नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या नृत्यदिग्दर्शकाने या रचनेवर नाच बसवला, आणि तो प्रश्न सुटला. पावलांचा आवाज आता कुणाच्या तरी पावलांचा होता. श्वास कुणाच्या तरी छातीतून येत होता. जे कानाला परकं वाटत होतं ते डोळ्यांना पटलं, आणि डोळ्यांमागून कानही आला. आंरीच्या संगीताचा पुढचा सगळा प्रवास माझ्या मते या एका जुलैने ठरवला. १९५८मध्ये तो रेडिओतून बाहेर पडला आणि स्वतःचा हा आप्सोम उभा केला, फ्रान्समधला इलेक्ट्रॉनिक संगीताचा पहिला खासगी स्टुडिओ. पण बेजारची साथ सुटली नाही.

आज मात्र त्याच्या मेजावर निराळाच ऐवज आहे. कान द्या. ड्रम, बास गिटार, घंटानळ्या, तीन-चार स्वरसंगतींचा हट्टी, गोल फिरणारा तुकडा. हे रॉक आहे, आणि ते मिशेल कोलोंबिए याने रचलंय. कोलोंबिए अठ्ठावीसचा, सेर्ज गेन्सबूरच्या गाण्यांवर काम केलेला, वाद्यवृंद कसा नटवायचा ते पुरतं जाणणारा. बेजारला नव्या प्रयोगासाठी त्या वर्षीच्या पोरापोरींचा नाच हवाय, क्लबात चालतो तो. ‘जर्क’ म्हणतात त्याला: खांदे, मान, कंबर, सगळं झटक्यांवर. कोलोंबिएचा बँड जमीन देतो. आंरी त्यावर आपले आवाज सोडतो: खालून सुरू होऊन सुसाट वर जाणारी शीळ, बुडबुड्यांसारखे फुटणारे स्वर, मधेच एखादी गुरगुर, मधेच कुठलाही सूर नसलेला नुसता खरखराट. बँड मोजून पावलं टाकतो. आंरीचे आवाज तालाला बांधलेले नाहीत, ते केव्हाही येतात आणि केव्हाही जातात. तुमचा पाय ठेका धरतो आणि मान मात्र वर, त्या भटक्या आवाजांमागे वळते. शरीराचे असे दोन भाग पडणं हीच या संगीताची गंमत आहे, आणि ती खुर्चीत बसून कळत नाही.

म्हणून चला दक्षिण फ्रान्समधल्या आविन्योंला.

ऑगस्ट १९६७. दिवसभर तापलेले दगड अजून पायाला लागतात. पोपच्या राजवाड्याचं हे मोठं अंगण. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून या गावी येऊन राहिले तेव्हाचं बांधकाम, चारी बाजूंना किल्ल्यासारख्या भिंती, वर छप्पर नाही. जाँ विलार यांनी १९४७मध्ये याच अंगणात नाटकं करायला सुरुवात केली. मखमली पडदे आणि सोनेरी सज्जे यांच्यापासून नाटक सोडवायचं, सामान्य माणसाला परवडेल असं करायचं, हा त्यांचा ध्यास. जवळजवळ वीस वर्षं इथे मुख्यतः नाटकच होतं. गेल्या वर्षी, १९६६मध्ये, त्यांनी बेजारला ब्रसेल्सहून त्याच्या ‘विसाव्या शतकाचं बॅले’ या मंडळीसकट बोलावलं आणि अंगण नाचाला मोकळं केलं.

लाकडी मांडणीवर जागा मिळवा. आजूबाजूला बरीच तरुण मंडळी, काहींच्या पाठीवर पडशा. शेजारच्या वयस्क बाई तुमच्याकडे बघून आपली जादाची शाल पुढे करतात.

“घ्या, रात्री इथे वारा सुटतो.”

“तुम्ही दरवर्षी येता?”

“नाटकाला येते. नाचाचं मला काही कळत नाही. विलार साहेबांनी बोलावलंय ना, मग बघायचं.”

वर आभाळाच्या चौकोनात पाकोळ्या चिरक्या आवाजात घिरट्या घालतायत. मग तुताऱ्या वाजतात. या अंगणात खेळ सुरू होण्याआधी वाजणारी ही ललकारी मोरिस जार यांनी रचलेली आहे, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ला संगीत देणारे तेच जार. लोक गप्प होतात, पाकोळ्या होत नाहीत.

प्रयोगाचं नाव ‘वर्तमानकाळासाठी मास’. मास म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाविधी, आणि बेजारनेही याला बॅले न म्हणता नऊ भागांचा विधी म्हटलंय. त्याचा तरुण नर्तक पात्रिक बेल्दा मोटार अपघातात गेला. हा विधी त्याच्या स्मृतीला वाहिलेला आहे. हे मनात ठेवूनच पुढचं बघा, कारण मंचावरची ही मंडळी त्याच्यासोबत रोज सराव करत होती.

भागांची नावं अशी: श्वास, शरीर, जग, नृत्य, जोडपं, माइन काम्फ, रात्र, शांतता, प्रतीक्षा. मधून मधून शब्द ऐकू येतात: बुद्धवचनं, बायबलातलं गीतरत्न, नीत्शे. पोपच्या अंगणात प्रार्थनाविधीच्या नावाखाली बुद्ध आणि नीत्शे! बेजारला यात खोडी काढायची नाही. त्याची पूर्वेकडची ओढ खरी आहे. पुढच्याच वर्षी तो याच अंगणात ‘भक्ती’ नावाचा प्रयोग करील, भारतीय संगीतावर, राम-सीता, कृष्ण-राधा आणि शिव-शक्ती अशा तीन जोड्यांचा. १९७०मध्ये ब्रसेल्सला शाळा काढील, तिचं नाव ‘मुद्रा’ ठेवील.

चौथा भाग येतो. नृत्य. मंचावरच्या मंडळींच्या अंगात जीन्स. ज्यांनी लहानपणापासून बॅलेच्या दांड्याला धरून पाय घासले ते नर्तक रस्त्यावरच्या पोरांच्या कपड्यांत उभे आहेत. घंटानळ्या वाजतात, बास गिटार सुरू होते, आणि र्यू कार्दिनेच्या खोलीत हातभर हातभर मोजलेली ती फीत सहाशे वर्षांच्या भिंतींवर आदळून परत येते. ‘प्सिशे रॉक’. मग ‘जेरिको जर्क’, तुताऱ्यांच्या नादाने ज्या नगराचे तट कोसळले त्या जेरिकोच्या नावाचा. नर्तक जर्क नाचतायत, पण क्लबातल्यासारखा सैल नाही. प्रत्येक झटका कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो ते दिसतं. खांद्यातून निघालेली हालचाल बोटांपर्यंत पोचायच्या आत तोडली जाते. हे कुठे पाहिलंय? ब्लेडखाली! फितीवर जे झालं तेच शरीरावर चाललंय. सुरुवात कापून टाकलेला आवाज आणि सुरुवात कापून टाकलेली हालचाल समोरासमोर.

शेजारच्या बाईंचा पाय हलतोय. त्यांना विचारलंत तर म्हणतील, हा गोंगाट आहे. त्यांच्या पायाला विचारा.

इथे क्षणभर आविन्यों सोडा. संगीत चालू राहू दे.

पुढचा हिवाळा, पॅरिसमधलं तबकड्यांचं दुकान. फिलिप्सच्या एका मालिकेची वेष्टणं चकाकत्या चंदेरी कागदाची आहेत. हातात धरून तिरकी केलीत की त्यावरच्या आकृत्या हलू लागतात. एका तबकडीवर आंरी, बेजार आणि ‘मास’ यांची नावं आहेत. पहिल्या बाजूला जर्कचे पाच तुकडे, सगळे मिळून पाव तासाच्या आत. ‘प्सिशे रॉक’ छोट्या तबकडीवरही आलंय आणि नाचाच्या मेळाव्यांत वाजतंय. म्युझीक काँक्रेत ऐकायला जे कधी आपण होऊन गेले नसते त्यांच्या घरात ते शिरलंय. ही साधी गोष्ट नाही. प्रयोगशाळेत जन्मलेल्या संगीताला इतका मोठा दरवाजा आधी कुणी उघडून दिला नव्हता. पुढची पिढी तिथूनच आत आली. १९९७मध्ये फॅटबॉय स्लिमसारख्या डीजेंनी या जर्कना नव्याने घडवलं, आणि १९९९मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युचरामा’ या अमेरिकी कार्टून मालिकेचं शीर्षकसंगीत ऐकलं की ‘प्सिशे रॉक’ ओळखू येतंच.

पण तबकडी उलटा. दुसरी बाजू लोक फार वाजवत नाहीत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. तिच्यावर बेजारच्या आधीच्या नाचांतले उतारे आहेत. ‘ल व्होयाज’, १९६२चं, तिबेटी मृत्युग्रंथावर आधारलेलं. त्यात फीडबॅक भरपूर आहे: माइक लाउडस्पीकरसमोर धरला की आवाज स्वतःलाच गिळत वाढत जातो, तो आंरीने लगाम घालून वाजवलाय. ‘ला रेन व्हेर्त’, १९६३चं. आणि ‘एक दार आणि एक उसासा यांवरच्या बदलत्या रचना’, तेही १९६३चंच.

त्या दारापाशी थांबूया. एका शेतघराच्या माळ्यावरचं जुनं लाकडी दार. तुम्ही माळ्यावर उभे आहात आणि आंरी दाराला हात लावतोय. जोराने ढकललं तर दार ओरडतं. केसभर सरकवलं तर बिजागरीतून एकेक दाणा सुटतो, ट्रक, ट्रक, ट्रक. मधल्या वेगाला ते चक्क गातं. एकच दार कण्हतं, घोरतं, भांडतं, लाडात येतं. आवाजाला चढ-उतार देणारा आहे हात, मनगट, खांदा, कमरेचा तोल. म्हणजे दार वाजवणं हाच एक नाच झाला, आणि फितीवर उतरलाय तो त्या नाचाचा ठसा. तुकड्यांची नावंही बघा: झोप, जाग, आळोखेपिळोखे, ताप, व्यायाम, घोरणं, मृत्यू. सगळी शरीराची. नाचवणाऱ्यांना याचा मोह पडला यात नवल काय? बेजारने १९६५मध्ये त्यावर प्रयोग केला. १९७४मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज बॅलन्शिनने केला, तेव्हा नर्तकी दार झाली, नर्तक उसासा झाला, आणि तिचा काळा रेशमी घेर मंचभर पसरून हेलकावत होता. सहा सेकंदांत तुमच्या पायाला धरणारे जर्क मला आवडतात. पण शरीराचं संगीत ऐकायचं असेल तर मी दाराकडे बोट दाखवीन. तिथे ठेका देऊन कुणी तुम्हाला हात धरून नेत नाही, आणि तरी तुमची पाठ ताठ होते, जबडा आवळला जातो.

आविन्योंच्या त्याच अंगणात आता एक वर्ष पुढे या. जुलै १९६८. मे महिन्यातला विद्यार्थी-कामगारांचा उठाव शमलाय, त्याची धग दक्षिणेला उतरलीय. रस्त्यांत तरुण घोषणा देतायत: “विलार, बेजार, सालाझार!” फ्रेंचमध्ये यमक झकास जुळतं, आणि त्या यमकापायी मोठा अन्याय होतोय. सालाझार हा पोर्तुगालचा हुकूमशहा. जेमतेम महिनाभरापूर्वी, जूनमध्ये, रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली तेव्हा बेजारने लिस्बनच्या मंचावरून हिंसाचार आणि हुकूमशाही यांच्याविरुद्ध प्रेक्षकांना मिनिटभर स्तब्ध उभं राहायला सांगितलं, आणि सालाझारच्या सरकारने त्याला देशाबाहेर काढलं. त्याच माणसाला आता त्याच नावाशी जोडून हिणवलं जातंय. ज्याने गेल्या वर्षी नर्तकांना जीन्स घालून तरुणांचा वर्तमानकाळ मंचावर आणला, तो तरुणांना जुना वाटू लागलाय. वर्तमानकाळासाठी काही रचायचं म्हणजे हा धोका पत्करावाच लागतो. म्हाताऱ्या विलारना हे घाव किती लागले असतील, याचा विचार करून मला आजही त्रास होतो. त्यांनी आयुष्य याच पोरांसाठी वेचलं होतं.

परत फिरा. ऑगस्ट १९६७, तीच रात्र, शाल अजून तुमच्या खांद्यावर. जर्क संपलेत. टाळ्या ओसरल्यात. जोडपं, माइन काम्फ, रात्र हे भाग सरलेत. आता जे उरलंय ते कुठल्याच तबकडीवर येणार नाही, म्हणून ते नीट बघा. रेकॉर्डवाल्यांनी नऊ भागांच्या विधीचं नाव घेतलं आणि त्यातला एका भागाचा उत्सव विकला. त्यांचा दोष नाही, एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपलीकडे फारसं मावत नाही आणि शांतता कुणी विकत घेत नाही. पण विधी श्वासाने सुरू झाला होता आणि तो कुठे पोचणार होता, हे ज्यांनी फक्त तबकडी ऐकली त्यांना कळायचा मार्गच नाही.

आठवा भाग, शांतता. मघाच्या घंटानळ्यांनी कान तयार केलेत, त्यामुळे आता बारीकसारीक सगळं ऐकू येतं: लाकडी बाकांची कुरकुर, कुणाचा तरी खोकला, भिंतीपलीकडच्या चौकातली माणसं, कडेच्या दिव्यांची घूं. आंरीने काही न वाजवता वाजवून घेतलेलं हे संगीत आहे, असं मी म्हणेन. अठरा वर्षं तो जगाच्या आवाजांना संगीत म्हणतोय. आज पहिल्यांदा इतकी माणसं एका वेळी ते तसं ऐकतायत.

मग प्रतीक्षा. नर्तक पुढे येतात, तुमच्याकडे तोंड करून उभे राहतात. एवढंच. नमस्कार नाही, पडदा नाही, दिवे मालवत नाहीत. लोक टाळ्या वाजवतात, नर्तक हलत नाहीत. टाळ्या थांबतात, तरी हलत नाहीत. वरच्या रांगेतून कुणीतरी शीळ घालतं. काहीजण हसतात. एक बाप झोपलेल्या पोराला खांद्यावर टाकून उतरू लागतो. पुढच्या रांगेतली दोन पोरं हट्टाने बसून राहतात, आधी कोण हरतं ते बघायला. बेजारने ठरवूनच ठेवलंय: शेवटचा प्रेक्षक जाईपर्यंत नर्तकांनी जागा सोडायची नाही. खेळ कुठे संपवायचा ते त्याने तुमच्या हाती दिलंय.

शेजारच्या बाई चपला शोधतात. “हे असंच उभं राहणार का?”

“आपण जाईपर्यंत.”

“अगं बाई!” त्या झटकन उठतात, मंचाकडे बघून मान लववतात, आणि पुढच्या दोन पोरांच्या खांद्यावर टपली मारत म्हणतात, “चला रे. रात्रभर नाचलीत बिचारी, उद्या परत नाचायचंय त्यांना.”

पोरं कुरकुरत उठतात. शालीची घडी घाला, बाईंना परत द्या, आणि त्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरा.